लिहून देणार क्रमांक तीन

घर विकायला काढण्यापूर्वी काय काय करावं, याच्या याद्या नेटवर ढिगाने सापडतात. भिंतींना फिका रंग द्या. जुनं फर्निचर हलवा. खिडक्या उघड्या ठेवा. कुटुंबाचे फोटो उतरवा, म्हणजे बघायला येणाऱ्याला तिथे स्वतःचं कुटुंब दिसायला लागतं. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, यादी दिसली की मला बरं वाटतं. आजी २०२३ मध्ये गेली आणि दोन वर्षांनी वणीचं घर विकायचं ठरलं, तेव्हा मी एक स्प्रेडशीट उघडली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. एकोणचाळीस ओळी. काम, कोण करणार, कधीपर्यंत, खर्च किती. काकांनी अंगठा दाखवला. पप्पांनी फोन करून विचारलं, "हे मोबाइलवर उघडत नाही, प्रिंट काढून आणशील का?"

नेटवरच्या कुठल्याच यादीत 'हे घर नेमकं कोणाचं आहे?' अशी ओळ नसते. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ त्याच प्रश्नाला लागला.

कुठली वणी?

वणी म्हटलं की विदर्भातल्या माणसाला यवतमाळ जिल्ह्यातलं वणी आठवतं आणि खानदेशातल्या माणसाला सप्तशृंगीचा गड. 'वणीला जाऊन आलो' म्हणणारा धुळ्या-जळगावचा माणूस बऱ्याचदा वणीत पाय न ठेवताच आलेला असतो. गड कळवण तालुक्यात आहे, आमचं वणी दिंडोरी तालुक्यात. नाशिकहून गडावर जाणाऱ्या गाड्या आमच्या गावातून नांदुरीकडे निघतात. चैत्रात आणि नवरात्रात गाव रात्रभर जागं असतं. बाकी वर्षभर हे आजूबाजूच्या खेड्यांचं बाजाराचं गाव. द्राक्षाच्या औषधांची दुकानं, कापडाची दुकानं, सापुताऱ्याकडे निघालेल्या गाड्या.

घराची ऑनलाइन जाहिरात टाकल्यावर पहिल्या आठवड्यात अकरा फोन आले. त्यांतले चार यवतमाळकडचे होते. तिघांना भाविकांसाठी लॉज काढायचा होता आणि खिडकीतून गड दिसतो का, हे हवं होतं. दिसतो, पण माडीवरच्या मोरीच्या झरोक्यातून, हे मी खरं सांगून टाकलं.

घर आजोबांनी १९७४ मध्ये विकत घेतलं. ते कपडे शिवायचे. रस्त्याला लागून दुकानाची खोली, मागे माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर, परसात न्हाणी आणि नंतर बांधलेला संडास. १९८५ मध्ये वर एक खोली चढवली, तिलाच सगळे माडी म्हणतात. आजोबा १९९८ मध्ये गेले. पप्पा तोवर नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात स्थिरावले होते, काका पिंपळगाव बसवंतला. मोठी आत्या कळवणला दिली, धाकटी सटाण्याला. आजी मात्र हललीच नाही. पंचवीस वर्षं ती त्या घरात एकटी राहिली, आणि दर आखाजीला दोन्ही लेकी तिच्याकडे येत राहिल्या.

मी पुण्याच्या ऑफिसातून तीन आठवडे घरून काम करण्याची परवानगी काढली आणि लॅपटॉप घेऊन वणीला आलो.

काढायचं काय आणि झाकायचं काय

पहिला आठवडा सामानात गेला. एका माणसाच्या घरात किती वस्तू असतात, याचा अंदाज उतरंड उतरवायला लागल्याशिवाय येत नाही. गोधड्या चौदा. पाटे-वरवंटे दोन. चिनीमातीच्या बरण्या. शिवणाच्या मशीनचं नुसतं लोखंडी पायटं. भंगारवाल्याने तांब्या-पितळेची भांडी वजनावर घेतली आणि स्टीलला भाव नाही म्हणून नाक मुरडलं.

त्या स्टीलवर नावं होती. आपल्या आई-आज्यांच्या काळात भांड्याच्या दुकानात छोटं मशीन घेऊन माणूस बसायचा, तो टिकटिक करत ताट-वाटीवर नाव कोरून द्यायचा. कोणी दिलं, कोणाच्या लग्नात दिलं, तारीख. मी रिकाम्या माजघरात बसून ती सगळी वाचली. साधारण साठ भांडी, आणि नावं झाडून सगळी पुरुषांची. भांडी लग्नात आत्यांना आणि आईला मिळालेली, घासली आजीने, नावं मात्र देणाऱ्या मामा-काकांची.

दुसऱ्या आठवड्यात रंगारी आला. दुकानाच्या खोलीत त्याने पत्र्याच्या पट्टीने भिंत खरवडली, तर एकाखाली एक रंग निघत गेले. अलीकडचं क्रीम डिस्टेंपर, खाली गुलाबी, त्याखाली हिरवा, आणि अगदी तळाशी नीळ घातलेला चुना. मला गडावरची गोष्ट आठवली. २०२२ मध्ये नवरात्राआधी मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद ठेवून देवीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर उतरवला होता. आतून निघालेल्या मूर्तीचे फोटो गावभर फिरले. आजीने माझ्या मोबाइलवर तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हीच होती व्हय आत. आपण वरच्यालाच हात जोडत होतो."

रंगाऱ्याला असल्या गोष्टींत रस नव्हता. "दोन हात पुट्टी मारतो दादा, आत काय होतं ते कोणाला कळणार नाही."

माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे. पावसाळ्यात ती कमरेपर्यंत चढते, पोपडे सुटतात. एजंटचा सल्ला तयार होता. "तिथं गोदरेजचं कपाट लावा. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत दाखवून मोकळे व्हा. गिऱ्हाईक आधी वास घेतं, मग भिंत बघतं. आदल्या दिवशी कापूर जाळा."

आमच्या वकील बाईंना मी हे गमतीने सांगितलं. त्या दिंडोरीला बसतात, हळू बोलतात आणि प्रत्येक वाक्याआधी चष्मा वर ढकलतात. त्यांना त्यात गंमत वाटली नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे, त्यातलं कलम ५५ त्यांनी मला समजावलं. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष, विकणाऱ्याने स्वतः सांगायचा असतो. दोष मिळकतीतला असो की मालकीतला.

"म्हणजे ओल सांगायची?"

"ओल सांगा. पण आधी मला आठ नंबरचा उतारा दाखवा. तिथे जास्त ओल आहे."

चार जणांचं पाच आणि पाचाचं चार

ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर पप्पा आणि काका अशी दोन नावं होती. आजोबा गेल्यावर कोणीतरी अर्ज दिला, दोन मुलगे लागले, आजीचं नाव राहिलं आणि दोन मुलींचा उल्लेखच झाला नाही. गावात कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वकील बाई म्हणाल्या, हा उतारा घरपट्टी कोणाकडून घ्यायची हे सांगतो. मालक कोण, हे त्यावरून ठरत नाही. गावठाणातल्या घरांना मालकीचा नीट कागद नसणं, हाच तर घोळ आहे. त्यासाठीच २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणं मोजायला घेतली. पण ड्रोनला छप्पर दिसतं, त्याखालचे वारस दिसत नाहीत.

मग त्यांनी वहीच्या कागदावर गणित मांडलं. मला ते इतकं स्वच्छ वाटलं की मी कागदाचा फोटो काढून ठेवला.

आजोबांनी घर स्वतः विकत घेतलेलं, म्हणजे स्वकष्टार्जित. मृत्युपत्र नाही. अशा वेळी हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम ८ लागू होतं. बायको, मुलगे आणि मुली सारख्याच वाट्याच्या वारस. १९९८ मध्ये वारस पाच: आजी आणि चार मुलं. प्रत्येकाचे वीस टक्के. आजी गेल्यावर तिचे वीस टक्के चौघांत सारखे, प्रत्येकी पाच. वीस अधिक पाच. प्रत्येकाचे पंचवीस.

मी विचारलं, "पण मुलींना हक्क २००५ मध्ये मिळाला ना?" हे आपण सगळे ऐकून असतो. त्यांनी चष्मा वर ढकलला. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. तिथे मुलगी मुलासारखीच जन्माने हिस्सेदार झाली. महाराष्ट्राने त्या दिशेने १९९४ मध्येच पाऊल टाकलं होतं, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळून. आणि वडील २००५ ला हयात नसले तरी मुलीचा हक्क टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हे सगळं खरं, पण आमच्या घराला त्याची गरजच नव्हती. बापाने स्वतः कमावलेल्या घरात मुलीचा वाटा १९५६ पासूनच आहे.

"मग इतकी वर्षं कोणी मागितला कसा नाही?"

"कलम २३," त्या म्हणाल्या. राहतं घर असेल तर मुलीला वाटा होता, पण वाटणी मागता येत नव्हती. भाऊ आपसात वाटणी करतील तेव्हाच तिने बोलायचं. राहायला यायचं तरी ती अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असायला हवी. हे कलम २००५ मध्ये काढून टाकलं. म्हणजे एकोणपन्नास वर्षं कायदा मुलीला सांगत होता की घर तुझंही आहे, फक्त भावांनी विषय काढेपर्यंत तू काढू नकोस. कायद्यातून ते कलम गेलं. घराघरांतून ते गेलंय, असं मला वाटत नाही.

घेणारी पार्टी बँकेचं कर्ज काढणार होती. बँकेच्या वकिलाने सांगितलं, एक तर दोन्ही बहिणी विकणाऱ्यांत हव्यात, नाहीतर त्यांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं आणा.

पप्पा फोनवर म्हणाले, "हक्कसोड करून घेऊ. त्यांचं काय, त्या देतील सही."

साडी-चोळीची सही

हक्कसोडपत्र हा कागद तुमच्याही घराण्यात कुठेतरी असेल. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क सोडायचा, तर महाराष्ट्रात त्याला नाममात्र स्टॅम्प लागतो. पूर्वी दोनशे रुपयांचा होता, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा. घर कितीचंही असो. बहिणी एका सकाळी गाडीतून रजिस्ट्री ऑफिसला येतात, फोटो काढतात, अंगठे देतात. मग हॉटेलात जेवण होतं आणि दोघींना साडी-चोळी मिळते. कागदावर लिहिलेलं असतं की मी स्वखुशीने, कुठलाही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाशिवाय हक्क सोडत आहे. दबाव खरंच कोणी टाकलेला नसतो. फक्त सही नाही दिली तर पुढच्या भाऊबीजेला काय होईल, हे सगळ्यांना माहीत असतं.

फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण भावांनी बहिणींना हे विचारणं अवघड आणि भाच्याने विचारणं सोपं. दोघींना मी आधी वकील बाईंचं गणित सांगितलं, पंचवीस टक्क्यांसकट, आणि मग हक्कसोडीचं विचारलं. वाटा किती हे न सांगता सही मागणं मला जमणार नव्हतं. ओल सांगायची ठरली होतीच.

धाकटी आत्या लगेच म्हणाली, "मला काही नको रे बाबा. भावांशी वाकडं घेऊन माहेर तोडू का? कधी यायचं तेवढं सांग."

मोठी आत्या बराच वेळ गप्प होती. कळवणला इतकी वर्षं काढल्याने तिच्या बोलण्यात अहिराणीचा हेल आलाय, पण त्या दिवशी ती अगदी वणीसारखं बोलली. "भाऊ, आधी मी घर बघायला येते. सहीचं मग बघू."

ती एसटीने अर्ध्या तिकिटात आली, नांदुरीवरून. येताना गडाच्या पायथ्याशी उतरून नारळ घेतला होता.

मापांची वही

ती आली तेव्हा माझं एक लांबलचक ऑफिसचं कॉल सुरू होतं. म्यूट करून मी तिला पाहत होतो. तिने चप्पल काढली, दुकानाच्या खोलीत गेली आणि खरवडलेल्या भिंतीपाशी उभी राहिली. तळाच्या निळसर चुन्यावर पेन्सिलचे आकडे दिसत होते. रंगाऱ्याने ते पाहिले नव्हते, मीही नीट वाचले नव्हते.

"हे माझं अक्षर आहे," ती म्हणाली.

मग तिने मला माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. आत सहा वह्या होत्या, लांबट, लाल कापडी पाठीच्या. १९७९ ते १९८८. आजोबांच्या दुकानातली मापं. गिऱ्हाइकाचं नाव, खाली शर्ट २, पायजमा १, लांबी २८, छाती ३६॥, गळा १४।, उचल किती, कधी द्यायचं. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. हे मला तिनेच सांगितलं. पहिल्या वहीत चार पानं आजोबांचं वळणदार अक्षर. पाचव्या पानापासून शेवटच्या वहीपर्यंत एका मुलीचं, सुरुवातीला मोठं आणि गोल, नंतर लहान, सरळ, घाईचं.

सातवीनंतर तिची शाळा बंद झाली. आजोबा कापायचे आणि मशीनवर बसायचे. मापं लिहिणं, तुरपाई, काजं, बटणं तिच्याकडे. शर्टाला सहा-सात काजं असतात. प्रत्येक काज हाताने, दोऱ्याने भरून. तिने मला तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट दाखवलं. टोकाला अजून घट्टा आहे.

प्रत्येक वहीच्या मागच्या बाजूने एक वेगळा हिशेब होता. महिना, आणि पुढे काजांची संख्या. काजाचं काम बाहेर द्यायचं तर काजवाल्या बाईला नगावर पैसे द्यावे लागत. आजोबा म्हणायचे, तुझेही मांडून ठेव, लग्नात देईन. तिने मांडून ठेवले. नऊ वर्षं, एक महिना न चुकता.

मी मोबाइलवर बेरीज करायला घेतली. तिने हात धरला. "नको. मला पाठ आहे. एकतीस हजार आठशे."

"लग्नात दिले आजोबांनी?"

"लग्नच दिलं की," ती हसून म्हणाली.

याच वर्षांत पप्पांचा डिप्लोमा झाला, नाशिकला खोली घेऊन. याच वर्षांत माडी चढली. तिचं लग्न तेविसाव्या वर्षी झालं, त्या काळाच्या मानाने उशिराच. आजोबांना दुकानात माणूस हवा होता. नोव्हेंबर १९८६ च्या पानांवर मला एका दिवसात बावीस मापं दिसली. मी नंतर शोधलं. त्याच महिन्यात चांदवडला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं होतं. महाराष्ट्रभरातून बायका आल्या होत्या. मालमत्तेतल्या बाईच्या हक्काचा विषय पुढे त्यातूनच 'लक्ष्मीमुक्ती'पर्यंत गेला, नवऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून. मी आत्याला विचारलं, तू गेली होतीस का चांदवडला?

"गावातल्या गेल्या होत्या ना. लाल बिल्ले लावून. माझं कसं होणार? लग्नसराई तोंडावर होती, काजं कोण करणार?"

काय लिहायचं

रविवारी सगळे वणीला जमले. पप्पा, काका, दोन्ही आत्या. रिकाम्या माजघरात सतरंजीवर. आई चहा करत होती. मी वह्या मधोमध ठेवल्या होत्या, बोललो काही नाही.

मोठी आत्या म्हणाली, "सही मी देते. पण 'हक्क सोडला' असं लिहू नका. 'विकलं' असं लिहा. तुम्ही विकताय, तशी मी पण विकतेय."

काकांना ते लागलं. ते ओरडणारे नाहीत, पण एकेक मोजत गेले. दोन्ही बहिणींची लग्नं. चार बाळंतपणं याच घरात. दर दिवाळीची साडी. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत दवाखाना कोणी केला? पिंपळगावहून दर आठवड्याला कोण येत होतं? त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि हे मला मुद्दाम नोंदवायचंय. अशा बैठकीत एक बाजू लबाड असेल तर सगळं सोपं जातं. काकांनी केलेलं होतं, मनापासून केलेलं होतं. फक्त त्यांच्या हिशेबात बहिणींनी घेतलेलं सगळं होतं आणि दिलेलं काहीच नव्हतं.

आत्या त्यांच्या एकाही गोष्टीला नाही म्हणाली नाही. तिने एक वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. १९८४. काकांच्या शाळेच्या शर्टाचं माप होतं. छाती २८. पुढे 'घरचं' असं लिहिलेलं.

पप्पांनी वही उचलली. ते बराच वेळ चाळत राहिले, मागच्या बाजूनेही. मग मला म्हणाले, "वकील बाईंना सांग, चार नावं टाका."

धाकटी आत्या म्हणाली, "मग माझंही विकलं असंच लिहा." कोणी तिला विचारलंही नव्हतं.

काका उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. सही त्यांनी दिली. बोलणं अजून पूर्वीसारखं नाही.

पूर्वेस, पश्चिमेस

घेणारीच्या वकिलाने पेपरात जाहीर नोटीस दिली. बारीक अक्षरांत आपलं घर वाचणं विचित्र वाटतं. मौजे वणी, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक यांची मिळकत, दक्षिणेस, उत्तरेस. कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी. ही भाषा फार जुनी आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके ७३० चा एक ताम्रपट वणी-दिंडोरीच्या नावाने ओळखला जातो. बाराशे वर्षांपूर्वी या भागातलं एक गाव दान दिल्याचा तो कागद. अशा ताम्रपटांतही देणारा कोण, घेणारा कोण आणि चारी दिशांना काय, हेच लिहिलेलं असतं. हद्दी सांगायची पद्धत टिकली. देणाऱ्यांत नावं कोणाची, एवढंच बदलत गेलं.

घेणाऱ्याचं द्राक्षाच्या औषधांचं दुकान आहे. खाली दुकान, वर राहायला घर, असा त्याचा विचार. खरेदी त्याने बायकोच्या नावावर केली, कारण महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घेताना बाईचं नाव असलं तर सवलत मिळते आणि बाप गेल्यावर बाईचं नाव काढायला पाचशेचा स्टॅम्प पुरतो. दोन्ही कागद एकाच ऑफिसात, एकाच टेबलावर होतात.

मी त्याला माजघराची ओल दाखवली. कपाट लावलं नव्हतं, कापूरही जाळला नव्हता. तो हसला. "दादा, रंग कशाला दिला? आम्ही पाडणारच आहोत."

स्प्रेडशीटमधल्या एकोणचाळीसपैकी निम्म्याहून जास्त ओळी भिंतींच्या होत्या. त्या भिंती आता नाहीत. राहिला तो कागद.

दिंडोरीच्या रजिस्ट्री ऑफिसात खरेदीखत झालं. खरेदीखतात विकणाऱ्याला 'लिहून देणार' म्हणतात आणि विकत घेणाऱ्याला 'लिहून घेणार'. नावं वयाप्रमाणे लागायला हवी होती, पण लेखनिकाने आधी भाऊ आणि मग बहिणी असंच टाइप केलं होतं. मी बदलायला सांगणार होतो, मोठ्या आत्याने नको म्हटलं. 'लिहून देणार क्रमांक ३' असं तिच्या नावापुढे होतं. कॅमेऱ्यासमोर तिचा फोटो निघाला. अंगठ्याच्या मशीनवर तिचा ठसा दोनदा उमटला नाही, हातशिलाई केलेल्यांचं होतं असं कधी कधी, असं ती तिथल्या मुलीला म्हणाली. मग शेजारी सही केली. त्याच अक्षरात. लहान, सरळ, घाईचं.

पैसे चार खात्यांत गेले. दोघींनी त्यांचं काय केलं, हे मी विचारलं नाही. भावांचं कोणी विचारत नाही.

तुमच्या घरी

तुम्ही हे मोबाइलवर वाचत असाल आणि पंचविशी-तिशीत असाल, तर येत्या दहा-पंधरा वर्षांत असं एखादं गावचं घर तुमच्याही वाट्याला येणार. रंगाऱ्याला फोन करण्याआधी उतारा काढा. मूळ खरेदीखत शोधा, घर आजोबांनी घेतलेलं की पणजोबांपासून आलेलं ते बघा, कारण त्यावर सगळं गणित बदलतं. वंशावळ स्वतः काढा, आत्यांची दोन्ही नावं लिहून. आणि कोणाची सही मागायची असेल, तर ती सही कितीची आहे, हे मागण्याआधी त्या माणसाला सांगा. त्यानंतर कोणी हक्क सोडला, तर तो खरंच तिने सोडलेला असेल.

काकांनी यंदा भाऊबीजेला कळवणला जाणं टाळलं. आत्याने पिंपळगावला फराळाचा डबा पाठवला, काकूंनी रिकामा डबा परत देताना त्यात द्राक्षं भरली. एवढ्यावर सध्या आहे.

वह्या माझ्याकडे पुण्यात आहेत. आत्याला विचारून त्यांची पानं स्कॅन करतोय. मागच्या आठवड्यात नाशिकला जेवताना पप्पा मध्येच थांबले आणि ताईला म्हणाले, "आपल्या फ्लॅटचे कागद एकदा काढून बसू. तुम्ही दोघंही या." ताईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी वही घेऊन येते."